एकशेसाठ एकरांचं आश्वासन

सांगलीतून तासगाव रस्त्यानं निघालं की आधी माधवनगर लागतं, मग बुधगाव, मग कवलापूर. कवलापूरच्या शिवारात एक मोकळी जागा आहे. आख्खा जिल्हा तिला विमानतळ म्हणतो. एके काळी तिथं छोटी विमानं उतरायची. आता उतरत नाहीत, पण नाव कायम आहे. मास्तर निवृत्त झाले तरी गावाला ते मास्तरच असतात, तसं. फरक इतकाच, की मास्तर पुन्हा शाळेत रुजू होणार असं दर पाच वर्षांनी कुणी जाहीर करत नाही.

निवडणूक जवळ आली की कवलापूरचा विमानतळ हवेत जातो. पाहणी होते, निवेदन दिलं जातं, मुंबईत बैठक लागते, बैठकीत चर्चा सकारात्मक होते. आजवर एकाही बैठकीत नकारात्मक चर्चा झाल्याचं छापून आलेलं नाही. फोटोत कुणीतरी नकाशावर बोट ठेवलेलं असतं आणि उरलेले त्या बोटाकडं बघत असतात. निकाल लागला की विमानतळ अलगद खाली येतो. धड धावपट्टी नसताना इतक्या सुखरूप उतरणारं दुसरं काही देशात नसेल.

जागा साधारण १६० एकर. ताबा औद्योगिक विकास महामंडळाकडं. म्हणजे नाव विमानाचं आणि दप्तर उद्योगाचं. विमानतळ मागायला जावं तर जागा उद्योगखात्याची निघते. कारखाना मागायला जावं तर ती विमानतळाची निघते. अशी जागा कुणालाच नाही म्हणत नाही आणि कुणालाच होय म्हणत नाही. मध्यंतरी ती भलत्याच कामाला जाते की काय अशी कुणकुण लागली, तेव्हा ती वाचवायला कृती समिती उभी राहिली. जागा वाचली म्हणायची, कारण ती अजून तिथंच आहे. तिच्यावर कुणी काहीच करत नाही, यापेक्षा भक्कम संरक्षण कुठली समिती देणार?

कवलापूर हे तमाशाचं गाव, हे बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी इथलीच. ‘जहरी प्याला’ या वगातल्या त्यांच्या हवालदारांनी दोन-तीन पिढ्यांना पोट धरून हसवलं. दोघं दिसायला इतके सारखे, की कोण काळू आणि कोण बाळू यातच निम्मा हशा वसूल व्हायचा. विमानतळाच्या वगातही जोडी तशीच आहे. एक म्हणतो, “विमानतळ होणारच!” दुसरा म्हणतो, “कुठाय विमानतळ?” पुढच्या निवडणुकीला गणवेश बदलतात, संवाद तेच राहतात. काळू-बाळूचा खेळ पाहायला तिकीट काढावं लागायचं. इथं कर भरला की पुरतं.

शिवाय कवलापूरची गाजरं. बाजारात ती गावाच्या नावानं विकली जातात, चवीला गोड आहेत आणि मुख्य म्हणजे खाता येतात. गाजराची दुसरी जात फक्त दाखवायची असते. तिचं पीकही याच शिवारात येतं, आणि बारमाही येतं.

चेष्टा बाजूला ठेवून थोडा इतिहास बघू, कारण आपल्या भागात विमानं काही अलीकडं आलेली नाहीत. कोल्हापूरला छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ बांधला. तो १९३९ च्या जानेवारीत सुरू झाला. तेव्हा बहुतेक गावांत एसटी जाऊ दे, एसटी हा शब्दही नव्हता. कऱ्हाडची धावपट्टी १९५५ सालची. कोयना धरणाच्या कामासाठी सार्वजनिक बांधकाम खात्यानं ती केली. लांबी जेमतेम १२८० मीटर, पण काम स्पष्ट होतं: साहेब आणि इंजिनिअर येणार, धरण बघणार, परत जाणार. त्या काळी धावपट्टी ही राजांची, इंजिनिअरांची आणि मंत्र्यांची सोय होती. रयतेचा संबंध एवढाच, की विमानाचा आवाज आला की पोरं कुंपणापर्यंत पळत सुटायची.

या छोट्या धावपट्ट्या मेल्या त्या हेलिकॉप्टरमुळं, असं माझं स्वच्छ मत आहे. विमानाला किलोमीटरभर सरळ, सपाट, डांबरी जमीन लागते. तिची निगा राखावी लागते, गवत काढावं लागतं, गुरं हाकलावी लागतात. हेलिकॉप्टरला शाळेचं पटांगण आणि पोतंभर चुना पुरतो. आदल्या रात्री बांधकाम खात्याची माणसं येतात, गोल आखतात, मधे इंग्रजी एच काढतात, पाण्याचा टँकर मारून धूळ बसवतात. सकाळी साहेब उतरतात, शाळेला सुट्टी मिळते, सगळे खूश. साहेबांना धावपट्टी लागायची तोवर धावपट्टीकडं लक्ष होतं. साहेबांची गरज मिटली आणि धावपट्टी जनतेच्या मागणीत जमा झाली. आपल्याकडं एखादी गोष्ट जनतेची मागणी झाली, की ती लवकर होत नाही हे ओळखावं.

आणि सांगली जिल्ह्यानं साहेब काही कमी दिलेले नाहीत. पद्माळ्याचे वसंतदादा एकापेक्षा जास्त वेळा मुख्यमंत्री झाले. अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री आणि उपमुख्यमंत्री झाले. पतंगराव कदमांनी उद्योग सांभाळलं, महसूल सांभाळलं. जयंत पाटील वर्षानुवर्षं राज्याचा अर्थसंकल्प मांडत होते. उद्योग, महसूल, अर्थ, गृह: विमानतळाला लागणाऱ्या सगळ्या सह्या या एका जिल्ह्यात होत्या. कमी होती ती कागदाची. यातल्या कुणावर एकट्यावर खापर फोडता येणार नाही, आणि तीच आपल्याकडच्या सार्वजनिक कामांची खरी अडचण आहे. खापर असतं, डोकं सापडत नाही.

आता कळीचा प्रश्न, जो कुठल्याच पाहणीत कुणी विचारत नाही: विमानात बसणार कोण?

पहिलं उत्तर ठरलेलं आहे. द्राक्षं! तासगावची द्राक्षं विमानानं परदेशी जातील, असं भाषणात म्हटलं की टाळी पडते. द्राक्षं परदेशी जातात, पण न्हावाशेव्याहून जहाजानं जातात. थंडगार कंटेनरमध्ये तीन-चार आठवडे समुद्रावर काढून युरोपात पोचतात. द्राक्षाच्या भावाला विमानाचं भाडं सोसत नाही, हे कुठलाही बागायतदार सांगेल. त्याला भाषणाला बोलावतात, बोलू देत नाहीत. दुसरं उत्तर बेदाणा. बेदाणा शीतगृहात वर्षभर भावाची वाट बघतो. त्याला घाई असती तर तो द्राक्षच राहिला असता. तिसरं उत्तर हळद. हरिपूरच्या पेवांमध्ये सांगलीची हळद वर्षानुवर्षं जमिनीखाली राहायची. जी जमिनीखाली इतकी सुखात होती, तिला हवेत न्यायचा आग्रह कशासाठी?

खरा प्रवासी वेगळाच आहे आणि त्याचं नाव घोषणेत येत नाही. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेली आहेत. तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत सराफ बाजाराचं कुठलंही गाव घ्या, गल्लीत गलाईचं दुकान सापडेल आणि दुकानात आपल्याकडची मराठी ऐकू येईल. जत्रेला, लग्नाला, मतदानाला ही माणसं दोन-दोन रात्री रेल्वेत आणि ट्रॅव्हल्समध्ये काढून गावी येतात. तिकिटाला पैसे आहेत, प्रवासाचं अंतर आहे, दरवर्षी येण्याचं कारण आहे. विमान कंपनीला आणखी काय लागतं? पण त्यांना मुंबईचं विमान नको आहे. त्यांना चेन्नई, कोइमतूर, दिल्ली हवं आहे. आपली मागणी मात्र कायम मुंबईची, कारण मागणी करणाऱ्याला मुंबईला जायचं असतं.

दुसरा प्रवासी विश्रामबागेत सापडेल. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजला वालचंद हिराचंद यांचं नाव आहे. सोलापूरच्या या माणसानं १९४० साली बंगळुरात विमानाचा कारखाना काढला. देश पारतंत्र्यात, अनुभव शून्य, तरी काढला. पुढं त्याचाच एचएएल झाला. त्याच एचएएलनं देशात बांधलेलं डॉर्निअर हे १७ आसनी विमान २०२२ पासून अरुणाचलच्या डोंगरात प्रवासी घेऊन जातं. त्याला किलोमीटरभराची धावपट्टी पुरते. थोडक्यात, कवलापूरसारख्या जागेला शोभेल असं विमान आहे, ते देशातच बनतं आणि ज्यानं कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली त्याच्या नावाचं कॉलेज आपल्या गावात आहे. तिथून शिकलेली पोरं परदेशी जाताना पहाटेच्या गाडीनं मुंबई नाहीतर पुणे गाठतात. घाटात गाडी अडकली की वालचंदशेठच आठवत असतील.

म्हणजे विमानतळ झालाच पाहिजे? थांबा. इथंच घोषणा संपते आणि हिशेब सुरू होतो.

‘उडान’ योजना २०१६ साली आली. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, निम्म्या जागा या दरानं, आणि कंपनीला तोटा झाला तर तीन वर्षं सरकार भरून देणार. कल्पना वाईट नव्हती. पण २०२३ साली ‘कॅग’नं हिशेब तपासला. ७७४ मार्ग वाटले होते. त्यांतले सुरू झाले ३७१. तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि सरकारी टेकू काढून घेतल्यावर मार्च २०२३ मध्ये तग धरून होते फक्त ५४. शंभरातले सात. उरलेल्या गावांत फीत कापली गेली, पहिल्या विमानाला पाण्याच्या तोफांची सलामी मिळाली, आमदारांनी खिडकीतून हात हलवला, आणि काही महिन्यांनी ‘तांत्रिक कारणास्तव’ फळा कोरा झाला. सलामीला वापरलेलं पाणी तेवढं खरं.

हे लांबचं नाही. कोल्हापूरलाही मधे काही वर्षं नियमित विमान नव्हतं. ते ‘उडान’खाली २०१८ साली परत आलं. मार्च २०२४ मध्ये नवी इमारतही झाली. आणि कोल्हापूर आपल्यापासून आहे किती? पन्नास-एक किलोमीटर. केंद्राच्या २००८ च्या धोरणानुसार चालू विमानतळाच्या दीडशे किलोमीटरच्या आत नवा विमानतळ सहसा मंजूर होत नाही; द्यायचाच झाला तर प्रकरण थेट मंत्रिमंडळापुढं जातं. म्हणून आपला विमानतळ ‘नवा’ म्हणायचा नाही, ‘जुना’ म्हणायचा. जुना म्हणावा तर तो चालू का नाही, हे सांगावं लागतं. मग गप्प बसायचं. कवलापूरबद्दलचं अधूनमधून पसरणारं मौन हे असं धोरणात्मक आहे.

मला विचाराल तर सांगलीकराला उजळाईवाडीला जाण्यात खरी अडचण अंतराची नाहीच. अडचण कोल्हापूरची आहे. विमान पकडायला कोल्हापूरला जायचं म्हणजे मिसळ खायला कोल्हापूरला जाण्यासारखं. जातात सगळे, सांगत कुणी नाही.

खासगीकरण हा दुसरा जालीम उपाय, तोही करून झाला आहे. २००९ साली राज्य सरकारनं नांदेड, लातूरसह पाच विमानतळ एका बड्या उद्योगसमूहाला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिले. ९५ वर्षं! करारावर सही करणाऱ्यांपैकी कुणी हिशेब विचारायला उरणार नाही, इतकी दूरदृष्टी. पुढं सरकारलाच ते विमानतळ परत मागायची पाळी आली. कवलापूरचं भाग्य असं, की ते त्या यादीत नव्हतं. कधी कधी दुर्लक्षही उपकारक ठरतं.

सोलापूरची गोष्ट तर तोंडपाठ हवी. विमानाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची चिमणी येते म्हणून वर्षानुवर्षं भांडण चाललं. १५ जून २०२३ ला बंदोबस्तात चिमणी पाडली. धुरळा उडाला, चित्रफिती फिरल्या, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, काहींनी पेढे वाटले. पहिलं नियमित विमान उडालं ते जून २०२५ मध्ये, गोव्याला. चिमणी पाडायला काही सेकंद लागले, विमान यायला दोन वर्षं. आता आपल्याकडं बघा: सांगलीच्या चारी बाजूंना साखर कारखाने, दूध संघ, मोबाइलचे मनोरे, आणि प्रत्येक मनोऱ्यामागं एक नेता. यादी कोण करणार?

यादी आली की माधवनगरकरांनी कान टवकारावेत. या रस्त्याला प्लॉट पाडणाऱ्यांचं विमानतळावर फार प्रेम आहे. ‘नियोजित विमानतळापासून पाच मिनिटं’ एवढ्या एका ओळीनं गुंठ्याचा भाव फुगतो. गंमत अशी, की भाव ‘नियोजित’ या शब्दाला आहे. विमानं खरंच घरावरून घोंगावू लागली तर तिथं राहायला कोण जाईल? आणि विमानतळ झाला की आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधन येतं, किती मजले चढवायचे ते विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत नकाशावर ठरतं. प्लॉट घेताना दलाल तो नकाशा दाखवत नाही. तो दुसरा दाखवतो, ज्यात बाग आणि कारंजं असतं. माधवनगरनं आपली कापडगिरणी बंद पडताना पाहिली आहे. भोंगा बंद झाल्यावर कामगारांची देणी आणि जमिनीचा भाव यांतलं काय आधी वर येतं, हे या गावाला कुणी शिकवायला नको.

एवढं सगळं म्हटल्यावर ही जागा विकून मोकळं व्हावं, असं माझं म्हणणं असेल असा कुणाचा समज होईल. तसं अजिबात नाही.

ऑगस्ट २०१९ आठवा. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. निम्मी सांगली पाण्यात, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही, औषध नाही. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. मदतपथकं पोचायला वेळ लागला, कारण पोचायला रस्ताच नव्हता. त्या आठवड्यात सांगलीला द्राक्षं पाठवायला विमान नको होतं. बोटी, डॉक्टर आणि धान्य घेऊन येणारं विमान उतरायला एक कोरडी पट्टी हवी होती. नदीपासून दूर, माळाच्या अंगाला अशी पट्टी जिल्ह्याकडं होती आणि आपण ती ‘नियोजित’ करून ठेवली होती. २००५ साली पूर आला होता, २०१९ ला आला, २०२१ ला आला. पूर नेमानं येतो. त्याला आचारसंहिता लागत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, आणि छोटी आहे म्हणूनच ती अवघड आहे. आंतरराष्ट्रीय नको, मालवाहतूक केंद्र नको, काचेची इमारत नको. हजार-बाराशे मीटरची चांगली डांबरी पट्टी, कुंपण, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, रात्रीचे दिवे. पुरात मदत उतरेल. एखाद्या रुग्णाला तातडीनं मुंबईला हलवता येईल. एरवी वैमानिक शिकवणारी शाळा चालेल. तिचं भाडं कुंपणाच्या डागडुजीला येईल. जमलं तर एखादं १७ आसनी विमान गलाईवाल्यांना घेऊन दक्षिणेत जाईल. नाही जमलं तरी पट्टी वाया जाणार नाही. पण यात फीत कापण्याजोगं फार काही नाही, कोनशिलेवर नावं मावतील इतकी भिंतही नाही. अशा कामाला पुढारी सापडणं कठीण.

तेव्हा यापुढं कुणी माधवनगरच्या चौकात ध्वनिक्षेपक घेऊन ‘विमानतळ’ म्हणाला, की टाळी वाजवण्याआधी त्याला विचारा: धावपट्टी किती मीटर, विमान कुठलं, जाणार कुठं, आणि चौथ्या वर्षी रिकाम्या खुर्च्यांचे पैसे कोण देणार? चारांपैकी दोन उत्तरं जरी दिली तरी त्याला मत द्या. एकही आलं नाही तर तिथंच लेखी घ्या, की १६० एकरांतला एक गुंठाही विकला जाणार नाही. आणि त्या कागदावर विरोधी उमेदवाराचीही सही घ्या.